अनुक्रमणिका कोणी करावी?

व्याख्यानास येणाऱ्या माणसाला अनुक्रमणिका लागत नाही. तो येतो, ओळखीच्या माणसाशेजारी जागा धरतो, आणि वक्ता ज्या क्रमाने बोलेल त्या क्रमाने ऐकतो. मध्येच कंटाळा आला तर पुढचा भाग आधी ऐकण्याची सोय त्याला नसते. फार तर उठून जाण्याची असते. परंतु तेच व्याख्यान छापून संग्रहात आले की त्याच माणसाची वृत्ती पालटते. तो पुस्तक हाती घेतो, पहिली दोनतीन पाने उलटतो, आणि आपणांस हवे ते कोणत्या पानावर आहे एवढेच पाहतो. बाकीच्या व्याख्यात्यांनी कितीही घसा कोरडा केलेला असो, त्याचे त्याला काही नाही. हा अधिकार वाचकाला अनुक्रमणिका देते. तो त्याला केव्हा मिळाला, कोणी दिला आणि आज तो कोणाच्या हाती आहे, याची हकीकत आम्हांला वाटते त्याहून बरीच लांबची निघाली. तिचा शेवट अमेरिकेतील एका शहरी एका संगणकाच्या पडद्यावर होतो, आणि आमच्या गावी एका फजितीतही होतो.

शब्दापासून आरंभ करू. 'अनुक्रमणिका' हा शब्द छापखान्याने घडविलेला नाही. महाभारताच्या आदिपर्वाचा पहिलाच अध्याय अनुक्रमणिकापर्व या नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ पर्वसंग्रह येतो. त्यात अठरा पर्वांची नावे, त्यांतील विषय, आणि प्रत्येक पर्वातील अध्याय व श्लोक किती, हे मोजून सांगितले आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्रही असेच उघडते. पहिल्याच अध्यायात प्रकरणांची यादी, आणि शेवटी बेरीज : अधिकरणे १५, प्रकरणे १८०, अध्याय १५०, श्लोक ६,०००. ऋग्वेदाची कात्यायनकृत सर्वानुक्रमणी तर त्याहून काटेकोर आहे. प्रत्येक सूक्ताचा आरंभीचा शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद, एवढे सारे तिच्यात सूत्ररूपाने येते.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट नाही, ती म्हणजे पानाचा आकडा. नसणारच. सर्वानुक्रमणी ज्याच्यासाठी होती त्याचा वेद कंठात होता. त्याला पान उलटावयाचे नव्हते. मग हा खटाटोप कशासाठी? आमच्या समजुतीप्रमाणे शोधण्याइतकाच तो राखण्यासाठी होता. घरातून निघताना लेकरे मोजावी तशी ही मोजणी आहे. किती होते हे लिहून ठेवले म्हणजे एखादे हरवले किंवा कोणी आगंतुक मिसळला तर कळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पुरे केले. त्या पंडितांपुढेही पर्वसंग्रहातील आकडे होतेच, आणि हस्तलिखितांतील संख्या त्यांच्याशी सर्वत्र जुळत नाहीत ही अडचणही होतीच. यादी एक सांगते आणि ग्रंथ दुसरे, हे दुखणे डीटीपीने आणलेले नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

वाचकाची सोय हा हेतू उघडपणे बोलून दाखविणारा प्राचीन ग्रंथकार म्हणजे रोमचा थोरला प्लिनी. त्याचा 'निसर्गेतिहास' इसवी सन ७७ च्या सुमारास पुरा झाला. एकंदर ३७ भाग, आणि त्यांतला पहिला भाग म्हणजे निव्वळ विषयांची आणि आधारभूत ग्रंथकारांची यादी. ग्रंथ टायटसला अर्पण केलेला आहे, आणि तो पुढे सम्राट झालेला. प्रस्तावनेत प्लिनी त्याला सांगतो की, आपणांवर राज्याचा भार आहे, आपण हे सगळे वाचीत बसू नये म्हणून यादी जोडली आहे. आणि आपल्यामुळे इतरांचीही सगळे वाचण्यातून सुटका होईल. आपल्या ३६ भागांच्या कष्टांविषयी असे लिहिण्यास मोठे मन लागते. तेवढ्यावर न थांबता, लॅटिनमध्ये हे आपल्या आधी व्हॅलेरियस सोरानस याने केले आहे, अशी कबुलीही तो देऊन टाकतो.

मात्र प्लिनीचा ग्रंथ गुंडाळ्यांवर लिहिलेला होता. कोणती गुंडाळी काढावयाची हे यादीवरून कळे. ती उलगडीत जाऊन नेमकी जागा हाताने आणि डोळ्यांनीच शोधावी लागे. पुढे गुंडाळी जाऊन शिवलेली पाने आली. आपल्याकडे पोथीची सुटी पत्रे होतीच, आणि पत्राच्या एका बाजूस समासात त्याचा अंक घालण्याचा प्रघातही होता. तरीही अनुक्रमणिकेत पानाचे आकडे शिरले नाहीत, आणि याचे कारण विचार केला तर सोपे आहे. हाताने नकललेल्या दोन प्रती पानापानाला सारख्या कधीच नसत. एका लेखकाचे अक्षर दाट, दुसऱ्याचे विरळ. एकाची भूर्जपत्रे रुंद, दुसऱ्याचा कागद आखूड. या प्रतीतील चाळिसावे पत्र त्या प्रतीत बावन्नावे. म्हणून बाराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या पीटर लोम्बार्ड याने आपल्या धर्मशास्त्रीय ग्रंथापुढे प्रकरणांची यादी जोडली आणि हवे ते चटकन सापडावे म्हणून हे केले असे स्पष्ट म्हटले, तेव्हाही त्याने दिले ते प्रकरणांचे क्रम. पानाचा आकडा हा एका प्रतीचा खाजगी मामला होता. प्रत बाळगणारा तो आपल्यापुरता घाली.

सर्व प्रतींत पान सारखे, ही गोष्ट छापण्याच्या कलेने शक्य केली. परंतु शक्य होणे वेगळे आणि सुचणे वेगळे. गटेनबर्गच्या बायबलात छापील पृष्ठांक नाहीत. १४७० मध्ये कोलोन येथे आर्नोल्ड थेर होर्नेन याने छापलेल्या एका छोट्या प्रवचनाच्या पुस्तकात पत्रांचे आकडे छापलेले आढळतात. ते पहिल्या उदाहरणांपैकी मानतात. त्याचे अनुकरण लगेच झाले असेही नाही. पुढचे नाव मात्र या निबंधाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे, आणि ते म्हणजे व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुशियस.

आल्डस हा मूळचा शिक्षक. चाळिशी उलटल्यावर तो या धंद्यात पडला. ग्रीक ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापावे ही त्याची हौस. तिरपा इटालिक ठसा आणि खिशात मावणारी अभिजात पुस्तके ही त्याची कीर्ती. १४९९ मध्ये त्याने निकोलो पेरोत्ती या पंडिताचा 'कॉर्नुकोपिए' नावाचा अवाढव्य ग्रंथ छापला. रोमन कवी मार्शल याच्या पद्यांवरील टीकेच्या निमित्ताने लॅटिन शब्दांचे सारे भांडार त्यात ओतलेले आहे, आणि शब्द येतात ते कवितेच्या ओघात, वर्णक्रमाने नव्हे. अशा ग्रंथात शब्द सापडावयाचा कसा? आल्डसने पानाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळे अंक घातले, ओळींनाही अंक घातले, आणि ग्रंथापुढे शब्दांची सूची जोडून प्रत्येक शब्दापुढे पान आणि ओळ दिली. आज आपण ज्याला पृष्ठांक म्हणतो, म्हणजे पत्राला एक नव्हे तर पृष्ठाला एक, त्याचा असा उपयोग करणारे हे अगदी आरंभीचे पुस्तक होय. आल्डस १५१५ मध्ये वारला. त्याचे नाव आपणांस पुन्हा लागणार आहे.

पृष्ठांक आले आणि त्यांच्याबरोबर एक पेचही आला. तो ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. अनुक्रमणिका असते पुस्तकाच्या आरंभी, पण तिच्यातील आकडे कळतात पुस्तकाच्या शेवटी. छापखान्यात खिळे मोजके असत. सोळा पानांचा एक फर्मा जुळवावयाचा, मुद्रिते तपासावयाची, छापावयाचा, आणि खिळे सोडून पुन्हा घरांत टाकावयाचे, तेव्हा कोठे पुढच्या फर्म्यास खिळे मिळावयाचे. म्हणून पहिला फर्मा सर्वांत शेवटी छापीत. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या व अनुक्रमणिकेच्या पानांवर 'पाच', 'सहा', 'सात' असे अक्षरी आकडे असतात आणि मूळ मजकुरापासून पुन्हा १ सुरू होतो. इंग्रजी पुस्तकांत त्याच जागी रोमन आकडे असतात. पुष्कळांना ही एक नुसती ऐट वाटते. ती ऐट नव्हे, तो तोडगा आहे. प्रस्तावना लिहिणारे थोर गृहस्थ चार पाने देतात की चौदा, यावर पुढचे सारे आकडे लटकून राहू नयेत म्हणून पुढच्या पानांचा हिशेबच निराळा ठेवला. मुद्रितशोधक जुन्या फर्म्यांची चळत मांडीवर घेऊन एकेक मथळा काढी, पान पाही आणि जुळाऱ्याला आकडा सांगे. अनुक्रमणिका करणारा माणूस तो.

आता सिअ‍ॅटल. पॉल ब्रेनर्ड नावाचा गृहस्थ वर्तमानपत्रांच्या संगणकी अक्षरजुळणीची यंत्रणा बनविणाऱ्या कंपनीत होता. तेथून बाहेर पडून १९८४ मध्ये त्याने आपली छोटी कंपनी काढली आणि तिला व्हेनिसच्या त्या मुद्रकाचे नाव दिले : आल्डस. १९८५ मध्ये तिचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉशसाठी बाजारात आले. त्याच वर्षी अ‍ॅपलचा लेसर छपाईयंत्राचा संच आला आणि त्यात अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा होती. या तिघांच्या मेळातून जो धंदा उभा राहिला त्याला डेस्कटॉप पब्लिशिंग म्हणू लागले, आणि या नावाचे श्रेय बहुधा ब्रेनर्डलाच देतात. आपल्या गल्लीबोळांतील पाट्यांवरचे 'डीटीपी' ते हेच.

गंमत अशी की ज्या आल्डसने सूचीसाठी पानांना आकडे घातले त्याच्या नावाच्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर आरंभी अनुक्रमणिका करीत नसे. त्याचा रोख पत्रके, वार्तापत्रे, जाहिराती अशा थोड्या पानांच्या कामावर होता. लांब ग्रंथांची चिंता करणारे दुसरेच होते : १९८६ मधले व्हेंच्युरा पब्लिशर, आणि मोठमोठ्या तांत्रिक पुस्तिकांसाठी नावाजलेले फ्रेममेकर. पेजमेकरमध्ये अनुक्रमणिका आणि सूची करण्याची सोय १९९० च्या चौथ्या आवृत्तीत आली.

ही सोय चालते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. मजकुरातील प्रत्येक परिच्छेदाला एक शैली लावता येते, म्हणजे त्याला एक नाव देता येते : मथळा, उपमथळा, मजकूर, तळटीप. मथळ्याच्या परिच्छेदांवर 'हा अनुक्रमणिकेत घ्यावा' अशी खूण करावयाची. मग आज्ञा दिली की यंत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालत जाते, खूण केलेला प्रत्येक परिच्छेद उचलते, तो ज्या पानावर आहे त्या पानाचा आकडा त्याच्यापुढे ठेवते, मध्ये टिंबांची ओळ ओढते, आणि तयार यादी पानावर ओतण्यासाठी आपल्या हाती देते. मुद्रितशोधकाच्या मांडीवरची चळत गेली. ज्या कामाला एक दुपार आणि डोळ्यांचे पाणी लागे ते काम चहा थंड होण्याच्या आत होऊ लागले.

परंतु यंत्र वाचीत नाही. ते फक्त नाव पाहते. मथळा मोठ्या ठशात आहे, ठळक आहे, पानाच्या मधोमध आहे, हे माणसाला दिसते. यंत्राला तो मथळा तेव्हाच, जेव्हा कोणी त्याला मथळा म्हणून ठेवलेले असते. आमची फजिती येथेच झाली. काही वर्षांपूर्वीच्या आमच्या व्याख्यानसंग्रहात अकरा व्याख्याने होती. दहांचे मथळे शैली लावून केलेले. अकरावे हस्तलिखित उशिरा आले, घाईत बसविले गेले आणि त्याचा मथळा हातानेच मोठा व ठळक केला गेला. पानावर तो इतर दहांसारखाच दिसे. अनुक्रमणिका एका क्षणात तयार झाली, आकडे अचूक होते, आणि आम्ही समितीची माणसे त्या अचूकपणावर इतके खूष झालो की ओळी मोजल्याच नाहीत. दहा ओळी. ते अकरावे व्याख्याते वृद्ध शिक्षक होते. प्रकाशनसमारंभात त्यांनी पुस्तक हाती घेतले, अनुक्रमणिकेवरून बोट वरून खाली नेले, पुन्हा वरून खाली नेले, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. त्यांचे व्याख्यान पुस्तकात शब्दन् शब्द होते, पण ते पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही चारपाच जणांनी बसून उरलेल्या प्रतींवर चिठ्ठ्या डकविल्या. पानरचना करणाऱ्या पोराला दोष देणे सोपे होते, आणि आमच्यातील काहींनी तो दिलाही. पण जुना मुद्रितशोधक मथळे मोजी, आणि तो गेल्यावर मोजण्याचे काम कोणाचे, हे आम्ही कधी ठरविलेच नव्हते.

या यंत्राच्या आणखीही खोड्या आहेत. मथळ्याची शैली चुकून एखाद्या रिकाम्या ओळीला लागली तर अनुक्रमणिकेत नाव नसलेला नुसता आकडा उभा राहतो. लांब मथळा शोभेसाठी दोन परिच्छेदांत तोडला तर एका व्याख्यानाची दोन होतात. सर्वांत मोठी खोडी ही की यादी एकदा केली म्हणजे ती त्या घटकेचे छायाचित्र असते. नंतर कोणी एक फोटो घातला, दोन पाने पुढे सरकली, तरी यादी जुनेच आकडे सांगत राहते. तिला पुन्हा करण्याची आज्ञा द्यावी लागते. आणि पुन्हा केली की तिच्यात हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. विद्यापीठांतील गणिती मंडळी लाटेक् नावाची जी व्यवस्था वापरतात, डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् वर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात उभारलेली, तिच्यात हा पेच मोठ्या प्रामाणिकपणे मान्य केला आहे. तेथे पहिल्या फेरीत यंत्र मथळे आणि आकडे एका निराळ्या टिपणवहीत लिहून ठेवते, आणि दुसऱ्या फेरीत ती वही वाचून अनुक्रमणिका मांडते. यादीमुळेच पाने सरकली तर तिसरी फेरी. खिळ्यांच्या छापखान्यात पहिला फर्मा शेवटी छापीत, त्याचेच हे संगणकी रूप.

मराठीचा अनुभव थोडा निराळा आहे आणि तो सांगितला पाहिजे. १९९० च्या दशकात आपल्याकडची पानरचना पेजमेकरमध्येच होई, पण पेजमेकरला देवनागरी ठाऊक नव्हती. पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, अशा साधनांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट वापरावे लागत. यंत्राच्या दृष्टीने 'किल्ला' हा शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरांची व खुणांची एक अर्थहीन माळ. फाँट उडाला की ती माळ तशीच उघडी पडे, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. तरीही अनुक्रमणिका निभावली, कारण तिला अर्थ लागत नाही, वर्णक्रम लागत नाही. जे आधी ते आधी, एवढेच लागते. बुडाली ती शेवटची सूची. त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असे, त्यामुळे 'किल्ला' 'क' खाली न येता वेलांटीच्या संकेताच्या जागी जाई, आणि बाकीचे शब्दही इंग्रजी संकेतांच्या क्रमाने वाटेल तेथे पडत. मराठी पुस्तकांत शब्दसूची आधीच दुर्मिळ; त्या दशकांत ती हाताने करणाराच करी. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला तिचे स्वतःचे संकेत मिळाले, पण पानरचनेच्या सॉफ्टवेअरपर्यंत ते झिरपावयास फार वर्षे गेली. आल्डस कंपनी १९९४ मध्ये अडोबीत विलीन झाली; अडोबीने १९९९ मध्ये इनडिझाइन आणले, त्यात अनुक्रमणिकेची सोय २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली, आणि भारतीय लिप्या नीट जुळविण्याची सोय २०१२ मध्ये. पेजमेकरची २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. तरी आपल्याकडे ती पुढेही कित्येक वर्षे चालली, कारण फाँट तिच्यातच चालत.

आता तर पानच जावयास निघाले आहे. मोबाइलवरील पुस्तकात अक्षर मोठे केले की पाने वाढतात, लहान केले की घटतात. तुमच्या आणि आमच्या प्रतीतील चाळिसावे पान पुन्हा निराळे. म्हणून अशा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत आकडे नसतात. मथळ्यावर बोट ठेवले की ते प्रकरण उघडते. इनडिझाइनमध्ये छापील पुस्तकासाठी केलेली यादीच तेथे या कामी येते, आकडे गाळून. पडद्यावर मजकूर बोटाने वर सरकवितो त्या क्रियेला इंग्रजीत जे नाव पडले आहे ते प्लिनीच्या गुंडाळीचेच आहे.

प्रस्तुत संग्रहाची अनुक्रमणिका यंत्रानेच केली आहे. मात्र ती हाती आल्यावर आमच्यापैकी दोघे एका संध्याकाळी बसले. एकाने यादीतला मथळा मोठ्याने वाचला, दुसऱ्याने पान उघडून आकडा सांगितला, आणि शेवटी दोघांनी ओळी मोजल्या. एका व्याख्यानाचा आकडा दोन पानांनी चुकलेला निघाला. यादी केल्यानंतर वक्त्यांचा फोटो घातला होता.